पहिला मान तिवशेतकरांचा

"ज्याला आपला पणजोबा ठाऊक नाही तो माणूसच नव्हे! तो या पृथ्वीवरचा नुसता भाडेकरू!" यशवंतदादानं छत्रीचं टोक भिंतीवरच्या वंशवृक्षाकडे रोखून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी छत्री फटकन उघडली. भिंतीवरचे दोन पणजोबा आणि एक निपुत्रिक चुलत आजोबा टाचण्यांसकट खाली पडले.

उन्मेष शेवडेनं वाकून ते तिघे उचलले. पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे होते ते, प्रत्येकावर एकेक पूर्वज.

"यातले वरचे कुठले?" त्यानं अदबीनं विचारलं.

"ठेव तिथे. तुझं काम नाही ते," दादा म्हणाला, आणि छत्री मिटवून त्यानं ती पुन्हा कोपऱ्यातल्या तांब्याच्या पातेल्यात उभी केली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो वंशवृक्ष गेला, ती भिंतही गेली. दादाच्या सदाशिव पेठेतल्या त्या हॉलच्या जागी आता मोटरसायकली दुरुस्त करतात. पण त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझी मुलगी मुक्ता आणि उन्मेष यांच्या लग्नाचा निकाल लागायचा होता, आणि न्यायाधीश छत्रीवाले होते.

यशवंतदादा माझा थोरला चुलत भाऊ. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला. नोकरीत त्याच्या एकाही कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं नाही, म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्यानं उलट्या दिशेनं, उगमाकडे जायचं ठरवलं. त्यानं 'तिवशेतकर कुलमंडळ' काढलं. अध्यक्ष तो, चिटणीस तो, संशोधक तो. मी सभासद होतो, कारण जन्मानं चिकटलेलं सभासदत्व सोडायची सोय त्याच्या घटनेत नव्हती.

दादाच्या संशोधनाची पद्धत सरळ होती. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं एक तांब्याचं पातेलं होतं. दोन बाजूंना कड्या, एक अख्खं लग्न शिजेल एवढं पोट, आणि काठाखाली कोरलेला त्रिशूळ. एवढं मोठं पातेलं म्हणजे फौज आलीच. फौज आली म्हणजे सरदार आलाच. आणि सरदार आला म्हणजे त्रिशूळ ही त्याची मुद्रा झालीच. अशा रीतीनं आमच्या घराण्याची सरदारकी एका भांड्यातून निघाली. आम्हाला ठाऊक असलेला सगळ्यात जुना पूर्वज रघोजी. तो दादाच्या हाती पडल्यावर 'सरदार रघोजीराव' झाला आणि कोकणातलं तिवशेत गाव सोडून मोहिमेवर घाट चढून आला. पातेल्याला लाकडी बैठक मिळाली, वर पितळी पाटी लागली, त्रिशूळ कुलमंडळाच्या पत्रांवर छापला गेला. मग पावसाळा आला आणि फौजेच्या पातेल्यात छत्र्या उभ्या राहिल्या.

तर त्या दिवशी दादानं उन्मेषला समोर बसवून उलटतपासणी चालवली होती.

"शेवडे. बरं. पण कुठले शेवडे?"

"तसे आम्ही शेवडे नाही," उन्मेष म्हणाला. "माझे आजोबा लहानपणी नगरच्या स्टेशनवर सापडले. शेवडे मास्तरांनी त्यांना घरी नेऊन वाढवलं. त्यांचंच नाव आम्ही लावतो."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी स्टेशन."

दादानं माझ्याकडे पाहिलं. गळणाऱ्या कालव्याकडेही त्यानं कधी इतक्या दुःखानं पाहिलं नसेल. "मधू, स्टेशन हे काही कुळ नव्हे," तो म्हणाला. "नकार. माझा विषय संपला."

माझा संपला नव्हता. मुक्ता लहान असतानाच तिची आई गेली. तिला वाढवलं माझ्या आईनं. "आजीनं अक्षता टाकल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही," असं मुक्तानं सांगून टाकलं होतं. आणि आईचं म्हणणं असं, की माझे वडील गेल्यावर थोरल्या भाऊजींनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, आम्हाला छप्पर दिलं. त्यांना तिनं शब्द दिला होता, की यशवंताच्या होकाराशिवाय घरात मंगलकार्य करणार नाही.

"मुलगा चांगला आहे गं," आई मुक्ताला म्हणायची. "पण दिलेल्या शब्दाचं काय करू? भाऊजी तरी असते तर भांडले असते. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही."

फाल्गुन लागला आणि दादा चिपळूणहून परतला तो उडतच. तिवशेत शोधायला गेला होता. नकाशात गाव सापडेना, म्हणून चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभा राहून त्यानं ओरडून विचारलं, की इथे तिवशेतचं कोण आहे? आणि नेमका गावचा पुढारीच, सोनू गावकर, बाकावर बसलेला होता.

"मी आडनाव सांगितलं मात्र, मधू, तो उठून उभा राहिला! उभा! म्हणाला, 'रघोजीचे? खरंच रघोजीचे? अजून हाव तुमी?' आजूबाजूच्या चार माणसांना बोलावून मला दाखवलं. डोळे भरून बघत होते रे माझ्याकडे. आणि ऐक. दर शिमग्याला, होमाला आग लावायच्या आधी, पहिला मान आपल्या घराण्याचा. पहिलं नाव आपलं, मग बाकीचं गाव. एक वर्ष चुकलेलं नाही!"

"शिमग्याला नाव घेतात म्हणजे नक्की काय करतात?" मी विचारलं.

"तुझा स्वभावच कुत्सित," दादा म्हणाला. "या वर्षी आपण जायचं. काकूंना घे, मुक्ताला घे. आणि त्या स्टेशनलाही आण. मुळं कशाला म्हणतात ते एकदा बघू दे त्याला."

स्टेशननं मित्राची ट्रॅक्स जीप आणली आणि स्वतःच चालवायला बसला. दादा पुढे, मांडीवर फेट्याचा डबा. छातीवर कुलमंडळाचा बिल्ला, त्यावर पितळी त्रिशूळ. कुंभार्ली घाटात एका वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि खाली दरीकडे हात केला.

"इथूनच! याच वाटेनं रघोजीराव फौजेनिशी वर आले. काय पाहिलं असेल त्यांनी इथे क्षणभर थांबून?"

"आडोसा पाहिला असेल," आई मागून म्हणाली. "मुक्ते, दार उघड. मलाही जायचंय."

चिपळूणला मुक्काम करून सकाळी तिवशेतला पोचलो. गावाच्या तोंडाशीच पोरांचा घोळका होता. "आले! तिवशेतकर आले!" म्हणून ती गाडीपुढे धावत सुटली. माणसं माडीवर, कठड्यावर, आंब्यावर चढून बसलेली. एक म्हातारी पुढे आली, तिनं दादाचा दंड चाचपला आणि बायकांकडे वळून म्हणाली, "हाडामासाचा हाय गो!"

दादा सगळ्यांना हात जोडत होता. मी मागे चालत होतो. गाव इतकं खूश होतं, की मला भीती वाटायला लागली. आमच्या घराण्यातल्या कुणाला पाहून कुणी इतकं खूश झाल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

भैरीदेवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या नेहमीच्या दगडी चौथऱ्यावर, बसली होती. समोर आंब्याचा उंच सोट उभा केलेला, त्याच्या बुडाशी गवताचा होम रचलेला. आणि चौथऱ्याच्या कडेला एक खांब, त्यावर आडवी काठी, काठीला एक विरलेला सदरा.

"हे काय?" दादानं विचारलं.

"हे तुमी," सोनू गावकर म्हणाला. भरघोस मिशांचा, खणखणीत आवाजाचा माणूस. "मंजे, तुमी नसता तवा. यंदा लागायचा नाय."

दादा आमच्याकडे वळला. "बघितलंत? आपली जागा रिकामी ठेवत नाहीत. प्रतीक उभं करतात. ऐकतोयस ना रे, शेवडे?"

"ऐकतोय," उन्मेष म्हणाला.

होमानंतर गावजेवण होतं. देवळामागच्या मांडवात गावकीची भांडी मांडून ठेवली होती, आणि तिथे दादाचा आनंद आवरेना. प्रत्येक टोपावर, म्हणजे पातेल्यावर, प्रत्येक परातीवर, काठाखाली तोच त्रिशूळ. त्यानं बिल्ला काढून एका परातीशी लावून पाहिला.

"मधू! आपली मुद्रा! ही सगळी भांडी आपल्या घराण्यानं गावाला दिलेली. पिढ्यान् पिढ्या गाव आपल्या भांड्यात जेवतंय आणि आपल्याला पत्ताच नाही!"

"मग फौज जेवली कशात म्हणते मी, सगळी इथेच ठेवून गेल्यावर?" आई म्हणाली. ती मांडवाच्या कोपऱ्यात बघत होती. तिथे भिंतीला टेकवून एक भलंमोठं तांब्याचं झाकण उभं होतं. घासून लख्ख केलेलं, मधोमध कुंकू, वर झेंडूची माळ. "आणि गं बाई, एवढं हे झाकण. याचं पातेलं कुठाय?"

कांदे चिरणाऱ्या बाईनं डोळे पुसले. "त्येचीच तर समदी गोष्ट हाय, आजी," ती म्हणाली. तेवढ्यात ढोल वाजले आणि ती विळी सोडून पळाली.

आई त्या झाकणाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दादा चौथऱ्यावर चढला. फेटा, उपरणं, बिल्ला. सोनू गावकरानं हात वर केला तसे ढोल थांबले.

"गाववाल्यांनो! आमच्या बापजाद्यांनी खांबाला सदरा बांधून भागवलं. आज खांब नको! आज माणूस आलाय!"

गाव गरजलं. दादानं डोळे मिटून मान लववली.

सोनूनं छाती भरून श्वास घेतला आणि आवाज लावला, "टोपचोर रघ्या तिवशेतकराच्याऽऽ..."

आणि अख्ख्या गावानं तोंडावर हात नेला.

बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पुण्यातही शिमगा होतो. पण ती बोंब गावानं पोटात साठवून ठेवलेली होती. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. झाडावरची वानरं सुद्धा पुढच्या झाडावर गेली. दादानं ढोलांच्या दणक्यात शब्द ऐकलेच नव्हते. त्यानं हात जोडले आणि पूर्वेला वाकून नमस्कार केला. दुसरी बोंब झाली, त्यानं दक्षिणेला केला. तिसऱ्या वेळी त्याला पहिला शब्द ऐकू आला असावा. पश्चिमेचा नमस्कार अर्ध्यावर राहिला. जोडलेले हात तसेच छातीशी, तोंड उघडं, आणि फेट्याचा शेमला वाऱ्यावर.

मुक्तानं ओढणी तोंडात कोंबली होती. आई उघड हसत होती, डोळ्यांना पदर लावून. उन्मेष मात्र चौथऱ्यापाशी गेला आणि हात देऊन त्यानं दादाला खाली उतरवलं. "पायरी आहे, काका," एवढंच म्हणाला.

होम पेटला. गाव पुढच्या नावाकडे वळलं. आम्हाला मांडवात बसवून गूळपाणी दिलं. सोनू गावकर नारळ घेऊन आला, दादाच्या हातात ठेवला, आणि खरोखरच्या आदरानं म्हणाला, "राग मानू नका हां. मान तो मान. तुमच्याबिगर शिमगा अळणी व्हता आमचा."

"काय... काय केलं होतं त्यांनी?" दादाला आवाज फुटला.

"पोरीचं लगीन काढलं व्हतं रघ्यानं. गावकीचा मोठा टोप मागून न्हेला. गावानं दिला. टोप तर कुणालाबी देतात, लग्नाला नाय कोण म्हणेल? लगीन झालं, गाव जेवलं, आन् सकाळी बगतात तर घर रिकामं. रघ्या नाय, बायको नाय, टोप नाय. घाटानं वर ग्येला. झाकण तेवढं राहिलं, त्ये कुणीतरी वाळवणावर ठिवलं व्हतं म्हणून."

"एवढ्यासाठी?" मी म्हणालो. "एवढ्या पिढ्या?"

सोनूला माझी कीव आली. "एवढ्यासाठी? आवो, त्या दिसापासनं गावची लग्नं दोन टोपांत शिजतात. एकात भात कच्चा ऱ्हातो."

दादानं पाणी पिऊन धीर गोळा केला. "पण त्यांचं कुळ तरी... रघोजीरावांचे वडील कोण? आधीचे तिवशेतकर?"

"आधीचे कुठले तिवशेतकर?" सोनू हसला. "गावात ऱ्हाणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो? इथं समदेच तिवशेतचे. त्ये नाव रघ्यानं वर ग्येल्यावर लावलं असंल. हितं त्यो नुसता रघ्या. कुणाचा कोण, कुठनं आला, कुणाला ठावं नाय. लहान व्हता तवा सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, गुरांमागं फिरताना गावला, म्हणतात."

उन्मेष गुळाचा खडा फार लक्ष देऊन चघळत होता.

"म्हणजे सड्यावर," आई म्हणाली. "स्टेशन तरी बरं. तिथे छप्पर असतं."

दादा नारळाकडे बघत बसला. मला वाटलं, आता तो रडतो. मला थोडं वाईटही वाटायला लागलं होतं, त्यातून त्यानंच मला वाचवलं. "गावकर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता ही दुसरी बोंब चाललीय ती कुणाची?"

"खोतांची."

"खोत! म्हणजे मोठं घराणं?"

"लई मोठं. समद्या गावाचं रान बळकावलं त्यांनी."

"आणि तरी ते आमच्यानंतर?"

"तुमच्यानंतर."

"नेहमीच?"

"नेहमीच."

दादानं फेटा सरळ केला. चेहऱ्यावर बऱ्यापैकी रंग परत आला. संध्याकाळपर्यंत त्यानं 'होमाग्रमानकरी' असा शब्द तयार केला असता, अशी मला खात्री आहे. पण सोनू गावकर अजून उठला नव्हता.

"येक विचारू? त्यो टोप कुठं असंल का वो तुमच्यात? कुणाच्या घरी, माळ्यावर? परत गावला तर गावाची लग्नं येका टोपात शिजतील. आन् दिलात की नाव घेणं बंद. भैरीसमोर सांगतो. हिशेब मिटला."

"टोप?" दादा म्हणाला. "कसला टोप? छे छे. आमच्याकडे नाही बुवा असलं काही. इतकी वर्षं झाली. वितळला असेल." छातीवरचा त्रिशूळ त्यानं बोलता बोलता उपरण्याखाली सरकवला.

"यशवंता," आई म्हणाली, "अरे, तुझ्या हॉलमध्ये, त्या छत्र्या ज्यात..."

"काकू!"

"काय रे?"

"काकू, मी काय म्हणत होतो..." दादाच्या कपाळावर घाम आला होता. "मुलगा चांगला आहे."

"कुठला मुलगा?"

"हा. उन्मेष. चांगला मुलगा आहे. सकाळपासून बघतोय मी."

"मोठ्यानं बोल. मुक्ताला ऐकू येत नाही, ढोल वाजतायत."

"मुलगा चांगला आहे!" दादा ओरडला. "माझी काही हरकत नाही! वैशाखातला मुहूर्त बघा!"

सोनू गावकर गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. "काय झालं?"

"लग्न ठरलं आमच्याकडे," आईनं सांगितलं, आणि पुढ्यातला गूळ उचलून तिनं त्याच्या हातावर ठेवला. "भाऊजींना दिलेला शब्द राहिला. तुम्ही छत्र्यांचं मनावर घेऊ नका हो. मी म्हातारी, काहीतरी बडबडते."

मुक्ता उठून तिच्या गळ्यात पडली. उन्मेषनं दादाला वाकून नमस्कार केला. दादानं आशीर्वाद दिला तो आईवरची नजर न काढता.

जेवून निघालो. भात खरंच कच्चा होता. निरोप द्यायला गाव वेशीपर्यंत आलं. "पुढल्या साली या हां! पोराबाळांना घिऊन या!" म्हातारीनं तर दादाची अलाबला काढली. गाडी सुटली. पुढे मुक्ता आणि आई मुहूर्ताचं बोलत होत्या; उन्मेष गाडी चालवता चालवता हसू दाबत होता. परतताना दादा मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसला होता. घाट लागेपर्यंत तो मांडीवरचा नारळ गोल गोल फिरवत होता. मला वाटलं, माणूस हादरलाय. आता घरी जाऊन भिंतीवरचे पुठ्ठे काढेल, पातेलं पोत्यात घालून गुपचूप तिवशेतच्या गाडीत चढवेल.

रघोजीरावांच्या वळणावर त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकला.

"मधू, त्या गावकराशी तुझं जरा जमलेलं दिसलं. ते झाकण देतात का, तेवढं विचारून बघशील?"